ज्याचा चेहरा, त्याची संमती

श्रेयाने वरणभाताचा घास तोंडात घेतला, गालात साठवला आणि दहा मिनिटांनी जसाच्या तसा निकिताच्या ओढणीत परत केला.

"पोट भरलं," ती म्हणाली.

साडेतीन वर्षांच्या मुलीचं पोट एका घासात कसं भरतं, हे निकिताला तीन आठवडे कळत नव्हतं. सकाळचं दूध जात होतं, रात्रीची अर्धी भाकरी जात होती; अडायचं ते दुपारच्या ताटापाशी. डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला ते म्हणाले, "मूल ठणठणीत आहे. तुम्ही नीट झोपता का?" निकिताने घरी वजनकाटा आणला. श्रेयाचं वजन तीनशे ग्रॅमने वाढलेलं निघालं. निकिताने दुकानात जाऊन काटा बदलून आणला. दुसऱ्या काट्यावर ते साडेतीनशेने वाढलं होतं. हल्ली एकही वस्तू धड येत नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली. सौरभ एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला होता, तो डबा घेऊन हळूच निघून गेला.

शेवटी निमगाव केतकीहून सासूबाईंचा, द्वारकाबाईंचा फोन आला.

"दुपारचंच खात न्हाय? मग सोप्पं हाय. दिवसाउजेडी कुणाची तरी लागलीया. दृष्ट काढ."

"आई, मी एम.एस्सी. आहे."

"मग? एमेस्शीवाल्यांच्या पोरांना लागत न्हाय व्हय?"

अडचण शिक्षणाची नव्हती, भाषणाची होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला याच निकिताने बारामतीतल्या जळोचीच्या रेवती अपार्टमेंटमधल्या समस्त बायकांना अंधश्रद्धेवर वीस मिनिटं ऐकवलं होतं. दृष्ट नावाची गोष्ट जगात नाही, हे तिने तक्त्यासकट सिद्ध केलं होतं. बायकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. पण तीन आठवडे ज्या आईच्या ओढणीत वरणभात परत येतो, तिला तक्ते आठवत नाहीत.

"आज आवस हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिन्हीसांजेला मीठ, मोहरी, सात मिरच्या नि भाकरतुकडा घे. घरात उतरू नगंस, संजीवनीचं दार तुझ्या दारासमोर हाय, ती बघंल. पोरीला खाली ने. फोन चालू ठेव, मी सांगते."

दिवे लागायच्या वेळेला निकिता श्रेयाला घेऊन पार्किंगमध्ये उतरली. वर सगळ्यांच्या मालिका सुरू झाल्या होत्या. फोन कुर्त्याच्या खिशात, स्पीकरवर.

"आल्यागेल्याची, पाप्यापितराची..." तिने पुटपुटायला सुरुवात केली.

"ते गावाकडचं झालं," खिशातून आवाज आला. "तितं बिल्डिंगीत कोण येतंय नि जातंय? मोघम म्हणून उतरत न्हाय. नावं घे. फ्लॅटवार."

"फ्लॅटवार?"

"एक नंबरापासनं. आन् मोठ्यानं, मला हितं ऐकू आलं पायजे."

मग निकिताने शाळेत हजेरी घ्यावी तशी एकापासून सुरुवात केली. "एक नंबर, आप्पासाहेबांची. दोन नंबर, दगडाबाईंची. तीन नंबर, विजयसिंहांची..." श्रेया मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखी बसली होती. पाच नंबरला खिशातून पुन्हा सूचना आली.

"त्या संजीवनीचं दोनदा घे. तिचे डोळे मोठे हायत."

"पाच नंबर, संजीवनीची. पाच नंबर, संजीवनीची," निकिता म्हणाली आणि, आपलं स्वतःचं घरही न वगळता, थेट बारापर्यंत जाऊन थांबली.

"आता तिकाटण्यावर टाक, आन् मागं वळून बघू नगंस."

सोसायटीच्या गेटाबाहेरच तीन रस्ते मिळत होते. पण गेटात गल्लीतलं काळं कुत्रं आडवं झोपलेलं होतं आणि श्रेया त्याला बघताच आईच्या कमरेला चिकटली. निकिताने मधला मार्ग काढला. ती गेटाकडे पाठ करून उभी राहिली आणि पुडी खांद्यावरून मागे भिरकावली. टप्प असा आवाज आला.

"पडलं का तिकाटण्यावर?"

"काय माहीत. मागं बघायचं नाही ना?"

"व्हय व्हय. बघू नगंस."

त्यामुळे पुडी कुठे पडली, हे दोघींपैकी एकीलाही कळलं नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सगळ्यांनाच कळलं.

पुडी गेटापर्यंत गेलीच नव्हती. संजीवनीने चारच दिवसांपूर्वी नवी स्कूटर घेतली होती. हँडलवरचा झेंडूचा हारही अजून सुकला नव्हता. त्या स्कूटरच्या पायठेवणीवर, बरोब्बर मधोमध, मीठ-मोहरी, सात लाल मिरच्या आणि भाकरीचा तुकडा मांडून ठेवल्यासारखा पडला होता. त्यात भर म्हणजे पुढच्या चाकातली हवा गेली होती.

"करणी केली हो माझ्या गाडीवर!" संजीवनी ओरडली, आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोकसुद्धा दात घासत खाली आले.

सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब कमरेवर हात ठेवून स्कूटरभोवती फिरले. त्यांची बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजण्यात गेली होती, त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा बघितल्याशिवाय ते मत देत नसत. त्यांनी एक फेरी मारली, मग दुसरी मारली.

"दृष्टबिष्ट न्हाय ही," ते म्हणाले. "दृष्ट असती तर रस्त्यावर असती. ही मापात टाकलीया. मधोमध हाय. हे सरावाच्या माणसाचं काम हाय."

आयुष्यात आपला नेम पहिल्यांदाच लागला, आणि तो असा लागला, हे निकिताच्या लक्षात आलं.

"फूटेज काढा!" संजीवनी म्हणाली. "एवढा कॅमेरा कशाला लावलाय मग?"

निकिताने मान वर केली. खांबावरून कॅमेरा तिच्याकडे बघत होता. ज्या कॅमेऱ्यासाठी तिने स्वतः पाच महिने चेअरमनच्या मागे लकडा लावला होता, तो.

श्रेया खाली खेळते, गेट उघडं असतं, तेव्हा कॅमेरा हवा, आणि लेकरू रडलं तर कळायला हवं म्हणून आवाजाचा हवा, असा तिचा हट्ट होता. लखनने, म्हणजे बारामतीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानवाल्याने, तो येऊन बसवला. नारळ फुटला, खांबाला कुंकू लागलं आणि आप्पासाहेबांनी स्टुलावर चढून कॅमेऱ्याच्या दांडीला स्वतःच्या हाताने लिंबू-मिरची बांधली.

"आप्पा, तो नजर ठेवायला आहे. त्याला कसली नजर लागणार?" निकिताने विचारलं होतं.

"म्हणून तर! येणारा-जाणारा वळूनवळून त्याच्याकडंच बघणार. महागाची वस्तू हाय."

पहिल्या पंधरवड्यात कॅमेरा बाराही घरांच्या मोबाइलवर चालू होता. बारामतीकरांनी बाकी सगळं सोडून फक्त पार्किंग बघायला घेतलं. कुणाकडे पार्सल आलं, कुणाचा जावई रिकाम्या हाताने आला, विजयसिंह व्यायामाला म्हणून निघून गेटाबाहेर वडापाव खातात, हे सगळं ग्रुपवर येऊ लागलं. सौरभने कौतुकाने आईच्या मोबाइलवरही ते घालून दिलं. दुसऱ्याच दिवशी निकिता गेटाबाहेर पाऊल टाकते न टाकते तोच निमगाव केतकीहून फोन आला, "पोरीला टोपी कुठाय?"

त्या दिवशी निकिताने नियमावली लिहायला घेतली. शहरांमधल्या सोसायट्या काय करतात, कॅमेऱ्यात साठलेली माणसांची माहिती कुणी कशी जपायची, हे चार दिवस वाचून तिने अकरा कलमं काढली. कॅमेरा कुणाच्या दारावर रोखायचा नाही. मोबाइलवर कुणी बघायचं नाही. चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जाईल. बघायचं असेल तर कारण, तारीख आणि वेळ लिहून सेक्रेटरीकडे अर्ज करावा. आणि तिला स्वतःला सगळ्यांत आवडलेलं कलम सात: ज्याचा चेहरा चित्रणात दिसतो, त्याची लेखी संमती असल्याशिवाय ते इतर कुणाला दाखवू नये.

सेक्रेटरी तीच होती. नियम लागू झाल्याबरोबर तिनेच सर्वांत आधी आपल्या मोबाइलवरून ते बघणं बंद केलं. सकाळी अकरा ते बारा श्रेया खाली साखरबाईंपाशी खेळायची. साखरबाई जिना आणि पार्किंग झाडायच्या. पूर्वी निकिता पोळ्या लाटता लाटता मोबाइलवर लक्ष ठेवायची. आता नुसत्याच पोळ्या लाटायची. पण दुसऱ्याला शिस्त लावायची तर आधी आपण, असं तिचं म्हणणं. तशी काळजीही नव्हती. श्रेयाच्या हातावर मला विचारल्याशिवाय कुणी काही ठेवायचं नाही, हे तिने एकेका घरी जाऊन सांगितलं होतं. दगडाबाईंना तर दोनदा.

"फूटेज!" संजीवनी पुन्हा म्हणाली. "काढतेस ना, सेक्रेटरीबाई?"

निकिताच्या डोक्यात चित्रण सुरूही झालं होतं. दृष्ट काढणारी एम.एस्सी. बाई लोकांना दिसली, तर लोक आठवडाभर हसले असते. ते तिने सोसलं असतं. पण कॅमेऱ्याला आवाज होता. आणि त्या आवाजात बाराही घरांची नावं होती, नंबरवार. संजीवनीचं दोनदा, डोळ्यांसह. उद्यापासून या इमारतीत कुणाच्या दारात वाटीभर साखर मागायला जाता आलं नसतं.

पंधरा दिवस, तिने मनात म्हटलं. पंधरा दिवस काढले की सुटले.

"अर्ज द्या," ती म्हणाली.

संजीवनीने अर्ज दिला. निकिताने तो दुसऱ्या दिवशी परत केला. "कारण नीट लिही. 'करणी' हे कारण नाही, तो निष्कर्ष आहे."

संजीवनीने 'गाडीवर घाण टाकणे' असं लिहून आणलं. त्यावर वेळ नव्हती. वेळ लिहून आणली तर तारीख मराठी महिन्याची होती. अशा रीतीने पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी अर्ज इतका निर्दोष होऊन आला की निकिताला तो फ्रेम करावासा वाटला. मग तिने कलम सात काढलं.

"आता यात जो दिसतो, त्याची संमती लागेल."

"कोण दिसतंय?"

"ते बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

"मग बघ ना!"

"संमती घेतल्याशिवाय बघायचं कसं?"

संजीवनीने अर्जाची घडी केली. "निकिता, तू एवढी शिकलीस ते बरं नाही केलंस," ती म्हणाली आणि आप्पासाहेबांकडे गेली.

दरम्यान पुडीने आपलं काम चालू ठेवलं होतं. पाण्याची मोटर जळाली. आप्पासाहेबांचा गुडघा धरला. विजयसिंहांच्या घरचा कुकर शिट्टी देईना. या सगळ्या गोष्टी दर उन्हाळ्यात होत होत्या, पण यंदा त्यांना कारण मिळालं होतं. उलट निकिताची कीर्ती वाढत चालली. "पोरगी कुणाचं ऐकत नाही, नियम म्हणजे नियम," असं लोक म्हणू लागले. सौरभला कळेना की एवढं कौतुक होत असताना बायको दर दुपारी कॅलेंडरवर फुली का मारते.

आप्पासाहेबांना तोड काढायला एक दिवस लागला. ते कागद घेऊन आले.

"पोरी, काट्यावर गाडी कुणाची ते ठावं नसलं की आमी काय करायचो? सगळ्यांचीच वजनं घ्यायचो. कोण दिसतंय ठावं न्हाय ना? मग सगळ्यांच्याच सह्या घे. बारा घरं आन् साखरबाई."

हे कलमात बसत होतं. निकिताला कागद घेऊन फिरावं लागलं. पण काय आश्चर्य, सही करायला कुणीच उत्सुक नव्हतं. खुद्द आप्पासाहेब पेन हातात घेऊन घुटमळले. "फकस्त संध्याकाळचंच बघणार न्हवं? सकाळचं न्हाय ना?" दोन नंबरच्या दगडाबाई म्हणाल्या, "मला मोतीबिंदू हाय. मला कोन दिसत न्हाय, तर मी कुणाला कशी दिसंन?" विजयसिंहांनी वकिलाला विचारून सांगतो म्हटलं. या माणसांना कशाची भीती आहे, हे निकिताला कळेना, पण तिला ती माणसं त्या आठवड्यात फार जवळची वाटली.

पण सही न करणारा म्हणजे पुडी टाकणारा, असं संजीवनीने ग्रुपवर टाकलं, आणि दोन दिवसांत सगळ्या सह्या झाल्या. राहिल्या दोन. एक सेक्रेटरीची, ती शेवटी करायची म्हणून कुणी विचारली नाही. दुसरी साखरबाईंची.

"मी न्हाय करणार सही," साखरबाई म्हणाल्या. "बघू नगा त्यातलं काय. मी पाया पडते."

झालं. पुडीच्या आदल्याच आठवड्यात संजीवनीने त्यांना कोपऱ्यातल्या कचऱ्यावरून टाकून बोललेलं होतं. करणीला कारण मिळालं, माणूस मिळाला, नकारही मिळाला. चौदाव्या दिवशी, रविवारी सकाळी, आप्पासाहेबांच्या हॉलमध्ये बैठक बोलावली गेली. लखनलाही बोलावलं होतं. तो कॅमेऱ्याचं यंत्र टीव्हीला जोडून बसला होता. साखरबाई दारात उभ्या होत्या. श्रेया त्यांच्या पदराचं टोक धरून उभी होती.

"सही न्हाय, तर एक तारखेपासनं काम बंद," आप्पासाहेब म्हणाले. म्हणताना त्यांनी साखरबाईंकडे बघितलं नाही. "मला बी बरं वाटत न्हाय. पण सोसायटी हाय."

साखरबाईंनी श्रेयाच्या डोक्यावर हात ठेवला.

एकच दिवस उरला होता. उद्या सकाळी सगळं आपोआप पुसलं जाणार होतं. गप्प बसणं हे एवढंच काम निकिताला होतं.

"पुडी मी टाकली," ती म्हणाली.

लखनने बटणावरचं बोट काढलं.

"मी श्रेयाची दृष्ट काढली. ती जेवत नव्हती. मागं बघायचं नसतं म्हणून कुठे पडली ते कळलं नाही. साखरबाईंचा काही संबंध नाही. मोटर आणि गुडघा यांचाही नाही. चुकलं माझं. आता बघायची गरजच नाही, लखनभाऊ, तुम्ही वायर काढा."

आधी दगडाबाई हसल्या. मग विजयसिंह. मग हॉल असा हसला की खालून कुत्रं भुंकायला लागलं. संजीवनीने दोन्ही हात जोडले. "संक्रांतीला वीस मिनिटं उभं केलं होतंस गं आम्हाला! चहा गार झाला होता माझा!"

"अगं पण," ती डोळे पुसत म्हणाली, "आता बघायचंच. सेक्रेटरीबाईंची संमती झाली ना? चौदा दिवस पळवलंय मला या अर्जानं."

"नको, कशाला—"

"लाव रं लखन," आप्पासाहेब म्हणाले.

अमावास्या, संध्याकाळी सात वीस. टीव्हीच्या पडद्यावर काळाकुट्ट अंधार आणि त्यात मधोमध एक प्रचंड पांढरा गोळा. तो हळूहळू डावीकडून उजवीकडे झुलत होता. बाकी काहीही दिसत नव्हतं.

"चंद्र हाय?" दगडाबाईंनी विचारलं.

"अमावास्येला कुठला चंद्र?" विजयसिंह म्हणाले.

लखन पडद्याजवळ गेला, मग त्याने कपाळावर हात मारला. "आप्पा, तुमचं लिंबू हाय हे! अंधार पडला की कॅमेरा त्याचा सोताचा उजेड टाकतो. लिंबू लोंबतंय पुढ्यात, सगळा उजेड तेच खातंय. म्हंजे संध्याकाळी सातनंतर ह्या कॅमेऱ्यानं लिंबाशिवाय काय बी बघितलेलं न्हाय."

निकिता खुर्चीत मागे टेकली. चेहरा नाही म्हणजे काहीच नाही. उगीच कबूल केलं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात लिंबू बोलायला लागलं.

"एक नंबर, आप्पासाहेबांची," लिंबू निकिताच्या आवाजात म्हणालं.

"बंद करा!" निकिता उठली. "कलम सात!"

"कलम सात चेहऱ्याचं आहे," संजीवनी म्हणाली. चौदा दिवसांत तिची नियमावली पाठ झाली होती. "आवाजाचं कलमच नाहीये. बोलू दे त्याला."

"दोन नंबर, दगडाबाईंची. तीन नंबर..." ज्याचं नाव येई तो खुर्चीत सावरून बसे. मग त्या लिंबातून निमगाव केतकी ऐकू आली. "त्या संजीवनीचं दोनदा घे. तिचे डोळे मोठे हायत."

कुणी हसलं नाही. संजीवनीने आपले डोळे शक्य तेवढे लहान केले. बारा नंबर झाला, टप्प आवाज झाला, लिंबू झुलत राहिलं. निकिताला वाटलं, आजच निमगाव केतकीला राहायला जावं. द्राक्षाच्या बागेत काम करावं, परत शहर बघू नये.

"झालं?" दारातून आवाज आला. साखरबाई. "बाराच?"

सगळे वळले.

"म्हंजे माझं नाव घेतलंच न्हाय?" साखरबाईंचा आवाज चढला. "रोज तासभर पोरगी माझ्यापाशी असती. माझ्याइतकं कोन बघतं तिच्याकडं? आन् दृष्ट ह्या बारा जणांची! मी काय माणसात न्हाय?"

"साखरबाई, अहो, तुमची कशी लागेल? तुम्ही तर—"

"का न्हाय लागणार? मला काय डोळं न्हाईत?"

यावर नियमावलीत उत्तर नव्हतं. लखनने मध्येच विषय बदलावा म्हणून म्हटलं, "लिंबू दिवसा आड येतं का, ते बघून घेऊ," आणि हॉलमध्ये एकदम गडबड झाली.

"दिवसाचं नको!" आप्पासाहेब म्हणाले.

"सकाळचं ठरलं नव्हतं," विजयसिंह म्हणाले.

पण लखनने बटण दाबलं होतं. त्याच दिवशीची सकाळ, अकरा वाजून पाच मिनिटं. दिवसाउजेडी लिंबू निमूटपणे बाजूला लोंबत होतं आणि पार्किंग आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. पायरीवर श्रेया बसलेली. फ्रेममध्ये पहिले आले आप्पासाहेब. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, दोनदा बघितलं, आणि बनियनच्या खिशातून केळं काढलं. ते गेले तशा दगडाबाई भिंत चाचपत आल्या आणि मोतीबिंदूसकट शेंगदाण्याचा लाडू अचूक श्रेयाच्या तोंडात घातला. मग विजयसिंह, वडापावातल्या वड्याचा अर्धा भाग. मग संजीवनी, चकली घेऊन. पाच मिनिटांनी पुन्हा संजीवनी, पेढा घेऊन.

"दोनदा," दगडाबाई हळूच म्हणाल्या.

शेवटी साखरबाई. झाडू बाजूला ठेवून त्यांनी डबा उघडला, भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं, गूळ घातला. श्रेयाने पाऊण भाकरी खाल्ली, वाटी दोन्ही हातांनी चाटली आणि म्हणाली, स्पष्ट ऐकू आलं, "आईला नाही सांगायचं."

"नाही सांगायचं," पडद्यावरच्या साखरबाई म्हणाल्या.

निकिताने हॉलभर बघितलं. कुणी छताकडे बघत होतं, कुणी चपलेकडे. अख्खी इमारत तिला भीत होती. पाच आठवडे वरणभात, दोन वजनकाटे, दोनदा डॉक्टर. ओरडावं की रडावं हे ठरेना, तेव्हा ती हसायला लागली आणि मग तिला थांबताच येईना.

तिने फोन लावला. "आई, सापडलं. सगळ्या बिल्डिंगने मिळून खायला घातलंय तिला. दुपारच्या आधी."

"कोनी कोनी?"

निकिताने सांगितलं.

"बघ," द्वारकाबाई समाधानाने म्हणाल्या. "मी म्हणलं न्हवतं? नावं सगळी बरोबर निघाली. संजीवनी दोनदा तर दोनदा. आन् तू म्हणतीस दृष्ट नसती! फकस्त एक नाव राहिलं, म्हणून उतरली न्हाय. आज रविवार हाय, रविवार चालतो. परत काढ."

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला अख्खं रेवती अपार्टमेंट पार्किंगमध्ये उतरलं. मिरच्या आप्पासाहेबांनी दिल्या, मोहरी संजीवनीने. श्रेया साखरबाईंच्या मांडीवर बसली. निकिताने सगळ्यांदेखत पहिल्यापासून हजेरी घेतली; नाव येईल तो "हजर" म्हणाला. बारा झाल्यावर ती थांबली.

"तेरा नंबर, साखरबाईंची."

"हजर," साखरबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

निकिता पाठ करून उभी राहिली. तेवढ्यात मागे धावपळ झाली. संजीवनीने स्कूटर ढकलत गेटाबाहेर नेली आणि पुडी एवढ्या लांब यायची नाही या खात्रीने थेट तिकाटण्याच्या मधोमध उभी केली. निकिताने पुडी खांद्यावरून भिरकावली. या वेळी तिने जोर लावला होता.

टप्प आवाज आला.

"माझी गाडी!" मागून संजीवनी ओरडली.

"पडलं का तिकाटण्यावर?" खिशातून द्वारकाबाईंनी विचारलं.

"पडलं वाटतं," निकिता म्हणाली आणि मागे न बघता झपाझप जिना चढायला लागली.